कोयरी सरकवली कुणी

२६ ऑगस्ट, सोमवार

हनुमान तलवाड्याहून भंगारातलं झेरॉक्स मशीन घेऊन आला. त्यात तीन मोटारी असायला हव्या होत्या, निघाल्या दोन. तिसरी जळकी निघाली म्हणून त्यानं ती मला काढून दाखवली. दाखवली खरी. पण ती त्याच मशीनमधली की त्याच्या वाइंडिंगच्या डब्यातली एखादी जुनी, हे कुणी सांगावं? मी बोललो काही नाही, इथं लिहून ठेवतो.

चाकणला कारखान्यात सहा वर्षं सीएनसी मशीनवर उभा होतो तेव्हा ही लिहायची सवय नव्हती. म्हणून तर सुपरवायझरचे कान माझ्याविरुद्ध कुणी भरले ते आजतागायत कळलं नाही. तेजश्री म्हणते, "कान कशाला भरत्यात? चाळीस मान्सं कमी केली, त्यात तुमी एक." माझ्या बायकोला सगळं सरळच दिसतं.

मशीन मात्र चाकणसारखंच करायचं. लहान, लाकूड कोरणारं. संगणकात नक्षी द्यायची, तीन मोटारींनी कटर इकडं-तिकडं, वर-खाली फिरवायचा आणि फळीवर ती नक्षी उतरवायची. विकतचं घेणं आपल्या सात पिढ्यांना जमणार नाही. भंगारातून का जमू नये? डोकं माझं आहे आणि विजेचं काम हनुमानचं. शाळेपासूनचा दोस्त आहे. दोस्ती आपल्या जागी, लक्ष ठेवणं आपल्या जागी.

५ सप्टेंबर, गुरुवार

सांगाडा उभा राहिला. उसाच्या मोडक्या ट्रॉलीचे लोखंडी अँगल, बंद पडलेल्या फ्लेक्स मशीनचे दोन गुळगुळीत रूळ, खाली जुन्या दाराची सागवानी फळी. तिसरी मोटार हनुमाननं कुठून तरी पैदा केली. कुठून ते विचारलं तर म्हणतो, "तुला आंबे खायचेत का कोया मोजायच्यात बे?" म्हणजे सांगायचं नाही.

मेलेल्या स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर काढून त्यानं मोटारींना वीज द्यायची सोय केली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माणसाला ज्यातलं कळत नाही तिथंच फसवणूक होते, हे ध्यानात ठेवायचं.

आमची शेड गावाबाहेर, अर्जुनरावांच्या मळ्याला लागून. वीज मळ्याच्याच ट्रान्सफॉर्मरवरून, डीपीवरून. अर्जुनराव आज बांधावरून ओरडले, "काय रे उत्तरेश्वर, कुठवर आलं मशीन?" त्यांना काय करायचंय? शंभर एकराचा धनी माझ्या भंगाराची चौकशी कशाला करील?

१९ सप्टेंबर, गुरुवार

हनुमाननं मुकादमाला निरोप दिला, यंदा आम्ही टोळीत नाही. लग्न झाल्यापासून हे जोडपं दर साली दिवाळी झाली की ऊस तोडायला जातं ते उन्हाळ्यात परततं. गेल्या साली त्यांची वैष्णवी नववीला होती, तिचेही चार महिने उसाच्या फडातच गेले. यंदा ती दहावीला आहे. म्हणून हनुमान म्हणतो, टोळ्या निघायच्या आत मशीनला काम मिळालं पाहिजे, मग कोयता हातात धरायचा नाही.

काम मिळणार दिंद्रुडच्या बद्रीनाथकडून. त्याचं फर्निचरचं मोठं दुकान आहे. दाराच्या फळीवर कोयऱ्यांची वेल कोरून दाखवा, पसंत पडली तर बारा महिने काम देतो, असा त्याचा शब्द आहे.

संध्याकाळी मनिषा, हनुमानची बायको, आमच्याकडं साखर घेऊन आली. तेजश्रीचे हात धरून रडली. "पोरगी शाळंत ऱ्हाईल, वयनी," एवढंच म्हणत होती. मलाही भरून आलं. पण नंतर विचार केला, मशीन अजून हललंही नाही आणि हनुमाननं मुकादमाला नाही कळवून टाकलं? एवढा भरवसा माणूस उगाच ठेवत नाही. कुठं तरी पाणी मुरतंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

चाललं! कटरच्या जागी पेन बांधला, कागद लावला आणि संगणकाला गोल काढायला सांगितलं. काढला. सुरुवात जिथून केली तिथंच येऊन मिळाला, केसाचा फरक नाही. मशीनला हळदकुंकू लावून आम्ही दोघांनी आपट्याची पानं वाहिली. हनुमाननं मला उचलूनच घेतलं. "उत्तऱ्या, आपुन कारखानदार झालो बे!" मी आज फार आनंदात आहे, हे कबूल करतो.

अर्जुनरावही सोनं द्यायला शेडपर्यंत आले. खाली वाकून रूळ बघत होते. पाच मिनिटं बघत होते. मी घड्याळ पाहिलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पहिली कोयरी कोरायला घेतली. अर्धी होईतो देखणी. मग मळ्याची लाईट आली. आमच्या भागात पंपांना वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. घरातला दिवा-पंखा आणि आमचं मशीन तेवढं कायम चालतं. लाईट आली की हनुमान पळतो, कारण अर्जुनरावांच्या कांद्याला पाणी द्यायचं काम त्यानं धरलंय.

तो गेला आणि पुढच्या पाच मिनिटांत मशीन घुरघुरलं, कटर वाकडा गेला. कोयरीचं टोक बोटभर सरकलं. सागाची फळी वाया गेली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

काल तेच, आज तेच. लाईट यायच्या आधी हनुमान असताना सरळ चालतं. तो मळ्यात गेला की वाकडं. संध्याकाळी लाईट जाते, तो हातपाय धुऊन येतो, पुन्हा सरळ. एकदा झालं तर योगायोग, तीनदा होतं त्याला काय म्हणायचं?

त्याला सरकलेली कोयरी दाखवली. डोकं खाजवत म्हणाला, "लाईट आल्यावर पंखा बघितलास का? मेल्यावाणी फिरतोय." विषय कसा बदलला बघा! पंखा आमच्याकडं लाईट आली की मरतोच. मी पाळण्यात होतो तेव्हापासून मरतोय. सगळ्या मळ्यांवर स्टार्टरला ऑटो लावलेत, लाईट आली की एकदम शंभर पंप सुरू होतात. त्याचा कोयरीशी काय संबंध?

जोडणीचा एक बारका स्क्रू आहे, मोटारीचा दांडा धरून ठेवणारा. तो जाता जाता कुणी पाव फेरा सैल केला तर नेमकं हेच होईल. त्याची चावी हनुमानच्या पिशवीत असते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

या आठवड्यात पंपांची लाईट रात्री आहे. त्यामुळं हनुमान दिवसभर शेडमध्येच, पेंगत का होईना पण डोळ्यासमोर. आणि मशीन? चार दिवसांत एक चूक नाही. सहा कोयऱ्या, एकीसारखी दुसरी. डोळ्यासमोर असला की सरळ आणि पाठ फिरली की वाकडं. आता आणखी काय पाहिजे?

तेजश्रीला बोललो तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याला काय मिळनारे त्यातून? सोताच्या पायावर धोंडा कावून पाडून घील तो?" तेच तर शोधायचंय. मला वाटतं अर्जुनराव. त्यांनी बाहेरून मशीन आणायचं ठरवलं असणार, आणि आमचं बंद पडल्याशिवाय त्यांचं चालायचं नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस लिहायलाही नको वाटतो.

बद्रीनाथ स्वतः आला, सोबत दोन कारागीर. मी मुद्दाम सकाळी लवकर बोलावलं होतं, तो आला साडेदहाला. दहाला लाईट आली होती. हनुमान म्हणाला, "आज चालू नको करूस, लाईट गेल्यावर दाखवू. पाव्हन्याला जेवाया घाल तवर." आलेल्या गिऱ्हाइकाला मशीन दाखवू नको म्हणतो! मी हट्टानं चालू केलं. तो मळ्यात गेला. तिसरी कोयरी दुसरीच्या अंगावर चढली. कारागीर एकमेकांकडं बघून हसले.

बद्रीनाथ चांगला माणूस आहे. "दिवाळीनंतर बघू," म्हणाला. त्याचा अर्थ मला कळतो.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

केलं एकदाचं. मनात ठेवून ठेवून डोकं फुटायची वेळ आली होती.

हनुमान संध्याकाळी मळ्यातून आला. शेडसमोर चहाच्या टपरीवर सात-आठ माणसं बसली होती. मी त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली आणि सगळ्यांसमोर पालथी केली. भाकरीचं फडकं, पक्कड, विजेचं मीटर, ती चावी, आणि एक घडी केलेला कागद. कागदावर त्याच्या अक्षरात: सोम २२६, १६८. मंगळ २२४, १७१. बुध २२७, १६५.

"ही काय मापं आहेत? मशीनची मापं कुणाला देतोस?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मापं न्हाईत, उत्तऱ्या. लाईट यायच्या आधी आन नंतर..."

"बहाणे नकोत."

"आयकून तर घे..."

"अर्जुनरावांनी काय कबूल केलंय ते सांग."

टपरीवर कुणीतरी हसलं. हनुमान खाली बसला. भाकरीचं फडकं झटकलं, पक्कड उचलली, मीटर उचललं. चावी माझ्या पायाशी ठेवली. कागद घेतला नाही. जाताना म्हणाला, "तुला ठिवायची आसंल तर पिशवीबी ठिव."

कागद मी जपून ठेवलाय, पुरावा म्हणून. तेजश्री रात्री जेवली नाही. लक्ष्मीपूजन उद्यावर आलंय आणि घरात ही तऱ्हा.

७ नोव्हेंबर, गुरुवार

हनुमान सात दिवस शेडकडं फिरकला नाही. पंपांची लाईट या आठवड्यात रात्री असते, तेव्हा मळ्यातही दिवसा कुणी नाही. सोमवारपासून मशीन मी एकटा चालवतोय. एक चूक नाही. एक! आख्खी वेल कोरून काढली, बारा कोयऱ्या.

तेजश्रीला हात धरून शेडमध्ये नेलं आणि दाखवलं. म्हटलं, बघ, तो गेला आणि मशीन सुधारलं. ती कोयऱ्यांवरून हात फिरवत राहिली. "गोड झाल्यात," म्हणाली. मी जिंकलो तेव्हा या घरात कुणाला आनंद होत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

टोळ्या निघाल्या. हनुमाननं मुकादमाच्या हातापाया पडून नाव पुन्हा घालून घेतलं म्हणे.

मी शेडच्या दारात उभा होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, कोंबड्यांचं डालगं, आणि त्यावर माणसं. हनुमाननं माझ्याकडं पाहिलं नाही. मनिषानं पाहिलं. वैष्णवी मागच्या फळीला टेकून बसली होती. घरी ठेवायला मागं कुणी नाही, म्हणून तिलाही घेतली. दप्तर मांडीवर होतं.

हाक मारावीशी वाटली. पण चूक ज्याची त्यानं भोगावी. पोरीचं वाईट वाटतं, ते वेगळं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन वाकडं गेलं. काल एकदा, आज तीनदा.

हनुमान तर शंभर कोसांवर. मग कोण? शेडची किल्ली दोघांकडंच, माझ्याकडं आणि तेजश्रीकडं. हनुमान गेल्यापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. मनिषाची आणि तिची बहिणी-बहिणींसारखी मैत्री. सूड म्हणून ती हे करू शकते. बायकोवर असा संशय लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. दुपारी तिची किल्ली मागून घेतली. तिनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातावर आपटली. "माझीबी पिशवी बघून घ्या," म्हणाली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी आठला आत गेलो आणि आतून कडी लावली. चावी खिशात, दोन्ही किल्ल्या खिशात. मशीन चालू केलं आणि समोर स्टूल टाकून बसलो. आज कोण हात लावतो तेच बघायचं होतं.

दहापर्यंत सरळ. मग अर्जुनरावांच्या विहिरीवरचा स्टार्टर खटकन लागला, पाठोपाठ पलीकडचा, त्याच्या पलीकडचा. डोक्यावरचा पंखा मंद झाला, नेहमीसारखा. मी मशीनकडं बघत होतो. मशीन घुरघुरलं. मोटारीनं नेट लावला, जागेवरच थरथरली, आणि कटर पुढं निघून गेला. कोयरीचं टोक बोटभर सरकलं. आत माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

मग हनुमानचा कागद काढला. विजेचं मीटर तो घेऊन गेला होता, म्हणून अर्जुनरावांच्या मळ्यातून मागून आणलं. मीटर त्यांनीच लावून दाखवलं. १६९ व्होल्ट. "लाईट आली की एवढीच ऱ्हाती बाबा," अर्जुनराव म्हणाले, "आन गेल्यावर सव्वादोनशे. हनुमान बी हेच मोजीत बसायचा. म्या त्यालाच म्हनलं, उत्तरेश्वरचं मशीन कुठवर आलं सांगत जा, माझ्या नव्या घराचा दरवाजा तुमच्याकडूनच करायचाय."

सव्वादोनशे आणि एकशेएकोणसत्तर. लाईट येण्याआधी आणि नंतर, सगळे पंप एकदम वीज ओढतात म्हणून. तो सांगत होता. सगळ्या गावासमोर सांगत होता आणि मी बोलू दिलं नाही.

मी नालायक माणूस आहे. हे वाक्य आधी कधी लिहिलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

उपाय एवढासा निघाला. पंपांची लाईट असेल तेव्हा मशीन चालवायचं नाही, बस. बद्रीनाथला बारा कोयऱ्यांची फळी पाठवली. आज त्याचा निरोप आला, पसंत आहे, सहा दरवाजे करा.

आठ दिवस हनुमानला फोन लावायचा म्हणतोय. नंबर काढतो आणि ठेवून देतो. तेजश्री म्हणाली, "फोनवर नगं. ज्या तोंडानं बोललात ते तोंड घिऊन जावा. म्या बी येते."

२४ नोव्हेंबर, रविवार

काल एसटीनं गेलो. साताऱ्याच्या बाजूला, कारखान्यामागच्या माळावर टोळ्यांचा तळ आहे. पाचटाच्या कोप्यांच्या रांगाच रांगा. वैष्णवी कोपीबाहेर चुलीपुढं होती. तिनं उठून तेजश्रीला मिठी मारली आणि मला "काका, पानी देऊ?" विचारलं. दोघं फडात आहेत म्हणाली.

हनुमान मोळ्या बांधत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "व्होल्टेजच होतं."

"ठावं हाय," तो म्हणाला. हात थांबले नाहीत.

"नीट सांगायचं होतंस."

"दोनदा सांगितलंतं. तिसऱ्यांदा सांगायच्या वक्ताला तू माझी पिशवी उलटी करीत व्हतास."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो. त्यानं धरलं नाही, मागं सरला. "परत चल," म्हणालो, "काम मिळालंय. मशीन तुझंच आहे." तो म्हणाला, "आता सीजन संपूस्तर टोळी सोडता येत न्हाई. तुलाबी ठावं हाय." ठाऊक होतं. तरी म्हणालो.

मग तेजश्री बोलली. "पोरगी तरी आमच्या संगं द्या. दहावी हुईस्तर ऱ्हाऊ द्या. शाळा उंबऱ्यावर हाय."

मनिषानं कोयता खाली ठेवला. तेजश्रीशी बोलत होती पण बघत माझ्याकडं होती. "आन वयनी, उद्या तुमच्या घरातलं काय हरपलं तर?"

तेजश्री म्हणाली, "ती माझ्या घरात ऱ्हाईल, मनिषा. ह्यांच्या न्हाई." दोन महिन्यांपूर्वी मी यावर घर डोक्यावर घेतलं असतं. काल मान खाली घालून उभा राहिलो.

हनुमाननं वैष्णवीला लिंबाखाली नेलं आणि बराच वेळ तिला काहीतरी समजावत होता. पोरगी मान हलवत होती. एकदा दोघांनी माझ्याकडं पाहिलं. काय सांगत होता कोण जाणे. माझ्याबद्दलच असणार. येताना एसटीत वैष्णवी तेजश्रीच्या खांद्यावर झोपली होती आणि माझ्या डोक्यात सगळा रस्ता तेच होतं, माझ्याविरुद्ध काय भरवलं असेल तिच्या मनात. तेजश्रीला विचारलं, तर तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

वैष्णवी आज शाळेत गेली. तेजश्रीनं पहाटे उठून तिला डबा करून दिला, वेणी घालून दिली. मी ओट्यावर मशीनचा स्क्रू साफ करत बसलो होतो.

ती दारातून बाहेर आली, चपला घातल्या, आणि माझ्यासमोर येऊन दप्तर उघडून धरलं.

"काय गं?"

"बघून घ्या, काका. पप्पांनी सांगितलंय, रोज निघताना काकाला दाखवून जायचं. मंग काकाला शंका ऱ्हात न्हाई आन तुलाबी तरास व्हत न्हाई."

मी नको म्हणालो. नको गं बाई, जा, उशीर होईल, असं दोन-तीनदा म्हणालो. तिनं ऐकलं नाही. पुस्तकं काढली, वह्या काढल्या, एकेक करून ओट्यावर मांडल्या. कंपासपेटी उघडली. डब्याचं झाकण उघडलं. रिकामं दप्तर उलटं करून झटकलं आणि हात मागं बांधून उभी राहिली. मी काही म्हणेपर्यंत ती जाणार नव्हती.

"बघितलं," मी म्हणालो.